विहिरीवरची रांग

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी सगळी नोकरी एका खिडकीच्या आत उभं राहून केली. रुग्णालयातली औषधं द्यायची खिडकी. समोर जाळी, जाळीत हात जाईल एवढी फट, फटीच्या आत जाऊबाई आणि बाहेर अख्खं शहर. खिडकी उघडायच्या आधीच रांग जिन्यापर्यंत गेलेली असायची. खोकणारे, कण्हणारे, भांडणारे, पोरं कडेवर घेतलेले, सगळे एकामागे एक. मधे कुणी घुसला की जाऊबाई आवाज चढवत नसत. चष्म्याच्या वरून त्याच्याकडे नुसत्या बघत, आणि तो आपणहून मागे जाई. हे ऐकीव सांगत नाही. घरचीच आहे म्हणून एकदा मी थेट पुढे गेले होते, तर म्हणाल्या, "तुझा नंबर आला की बोलू." संध्याकाळी त्याच बाईने मला चहा करून दिला आणि त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. मी मात्र आठवडाभर गाल फुगवून होते.

आम्ही एकाच इमारतीत राहतो. ते वर, आम्ही खाली. मी सकाळी झेरॉक्सच्या दुकानात बसते आणि दुपारी मोकळी असते, म्हणून दुपारचा माझा मुक्काम वरच्या स्वयंपाकघरात असतो. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. त्यात मी फारसं काही केलं नाही. नाक तेवढं खुपसलं.

जाऊबाई निवृत्त झाल्या त्याच्या आदल्या वर्षी भावोजींना अर्धांगाचा झटका आला. भावोजी म्हणजे त्यांचे यजमान, माझे मोठे दीर. शहराच्या बसवर चालक होते. जीव वाचला, पाय हळूहळू सुधारले, पण उजवा हात ऐकेना आणि तोंडातून शब्द एकेक करून निघायला लागले. डोकं मात्र पहिल्यासारखं लख्ख. गाडी चालवायला डॉक्टरांनी कायमची मनाई केली. त्या दिवसापासून हा माणूस कशाबद्दलच हट्ट धरेनासा झाला. काय खाणार, तर द्याल ते. कुठे बसणार, तर बसवाल तिथे. आम्ही सगळे त्याला गुणी म्हणायचो. जाऊबाई एकदा बटाटे सोलता सोलता म्हणाल्या, "गुणी नाही गं, ह्यांना काही नकोसंच झालंय." आणि त्यांनी सुरी खाली ठेवली.

इकडे जाऊबाईंचं स्वतःचंही काही खरं नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांना रांग मिळेना, मग त्या घरात रांगा लावायला लागल्या. न्हाणीघरासाठी रांग, आरशासाठी रांग. आमचे हे एकदा काहीतरी सांगायला वर गेले, तर त्यांना दारातच थांबवून म्हणाल्या, "ह्यांचं बोलणं चालू आहे, संपलं की तुम्ही." भावोजींचं एक वाक्य संपायला लागणारा वेळ लक्षात घेता आमचे हे परत खाली आले आणि त्यांनी फोन केला.

खेळ घरात आला तो व्यायाम शिकवणाऱ्या बाईंमुळे. त्या आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी सांगितलं की निदान डावा हात तरी तरबेज होऊ दे, बोटांना काम द्या, खेळ द्या. पुतणीने, म्हणजे जाऊबाईंच्या मुलीने, बाबांच्या टॅबलेटवर एक खेळ घालून दिला. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते आणि कुठल्याही प्रश्नाला तिच्याकडे असं एखादं यंत्र असतं. हा खेळ एकट्याने खेळायचा नव्हता. एक मोठं खोरं, त्यात शेतं, कोंबड्या, बाजार, होड्या, आणि शेकडो बाहुल्या इकडून तिकडे फिरणाऱ्या. प्रत्येक बाहुलीमागे कुठेतरी बसलेलं एक खरं माणूस. आपली बाहुली आपण सजवायची. भावोजींनी आपल्या बाहुलीला पांढरी दाढी लावली, कारण त्यांना स्वतःला आहे. जगात इतके रंग उपलब्ध असताना माणूस स्वतःसारखाच दिसायला बघतो, ह्याचं मला हसू आलं.

"अनोळखी लोकांत नवऱ्याला एकटं कसं सोडायचं?" असं म्हणून जाऊबाईंनीही फोनवर तोच खेळ घेतला. ते कुठे जातात, कुणात बसतात, ह्यावर लक्ष ठेवायला. त्यांच्या बाहुलीला त्यांनी निळा अंगरखा आणि चष्मा दिला. मी म्हटलं, "ताई, बाहुलीला चष्मा कशाला?" तर म्हणाल्या, "वरून बघायला."

त्या खोऱ्याच्या टोकाला धुक्याचं तळं होतं. धुक्यात होडी न्यायची तर होडीवर निळा कंदील लागायचा. आणि हा कंदील मिळायचा एकाच विहिरीतून, एका वेळी एकच. एक वर काढला की थोड्या वेळाने तळाशी दुसरा दिसायचा. काढायचा कसा, तर रहाटावर बोट टेकवून न उचलता गोल गोल फिरवत राहायचं. बोट निसटलं की कंदील परत तळाला. साहजिकच विहिरीभोवती झुंबड. जो जास्त धक्के देईल आणि ज्याचं बोट जास्त चपळ, त्याचा कंदील.

एके दिवशी जेवताना भावोजी म्हणाले, "मला... होडी न्यायचीय."

मी, जाऊबाई आणि पुतणी, आम्ही तिघी बघतच राहिलो. कित्येक महिन्यांत त्या तोंडून "मला" हा शब्द आला नव्हता.

जाऊबाई म्हणाल्या, "एवढंच ना? मी काढून देते कंदील. द्या इकडे."

"नको." भावोजींनी टॅबलेट छातीशी धरला. "मी... काढीन."

आता हे म्हणणं सोपं होतं. त्या झुंबडीत डाव्या हाताच्या अर्धवट शिकलेल्या बोटांना कोण विचारणार होतं? दाढीवाली बाहुली विहिरीपाशी जायची, दोन धक्के खायची आणि चिखलात बसायची. पुन्हा उठायची, पुन्हा बसायची. भावोजींचे कान लाल व्हायचे. जाऊबाईंना ते बघवेना. त्या स्वतः विहिरीवर गेल्या आणि त्यांनाही लोखंडी चिलखत घातलेल्या एका धटिंगणाने चिखलात पाडलं. त्याला आम्ही लोखंड्या म्हणायचो. त्याची चारपाच जणांची टोळी होती आणि विहीर आपल्या बापाची असल्यासारखे ते वागायचे.

जाऊबाई चिखलातून उठल्या, चष्मा नाकावर सारला, खरा चष्मा, आणि एका बोटाने टाइप केलं, "कृपया रांगेत उभे राहावे."

सगळी विहीर हसली. कुणी कोंबड्यासारखं आरवून दाखवलं. जाऊबाईंनी तिकडे काडीचं लक्ष दिलं नाही. समोर जी कोण बाहुली होती तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. ती हलली, तर ह्या दुसरीच्या मागे. माणसाच्या पाठीमागे शांतपणे उभं राहिलं की तो अस्वस्थ होतो, हे मी झेरॉक्सच्या दुकानात रोज बघते. थोड्या वेळाने बदकाची टोपी घातलेली एक बाहुली आली, जाऊबाईंच्या मागे उभी राहिली आणि मग तिने विचारलं, "ही कशाची रांग आहे?"

"कंदिलाची," जाऊबाईंनी लिहिलं. "तुम्ही तिसऱ्या."

माणसाचं हेच तर आहे. रांग दिसली की आधी उभा राहतो आणि मग चौकशी करतो. बदकटोपीच्या मागे आणखी कोणी आलं, त्याच्या मागे आणखी. त्या खेळात एक बाहुली दुसरीच्या अंगातून जाऊ शकत नव्हती. हे जाऊबाईंच्या लगेच लक्षात आलं आणि त्यांनी रांग सरळ न लावता विहिरीला वेढा घालून लावली. घुसणाऱ्याला वाटच उरली नाही. लोखंड्याच्या टोळीने धक्के देऊन बघितले. पण ज्याला पाडलं त्याची जागा पुढचा आणि मागचा मिळून धरून ठेवायचे आणि तो चिखल झटकून तिथेच परत यायचा. चारदोन दिवसांत टोळीला कंटाळा आला. दांडगाई करायची तर समोरच्याने चिडायला लागतं, आणि इथे लोक आपसांत गप्पा मारत होते.

शेवटी लोखंड्या कुरकुरत रांगेच्या शेवटी येऊन उभा राहिला. आणि मंडळी, आठवडा व्हायच्या आत तो त्या रांगेतला सगळ्यात कडक माणूस झाला. "अंतर ठेवा." "मधे जागा सोडू नका." "तुम्ही त्या टोपीच्या मागे होता, पुढे नाही." नियम मोडणाऱ्याच्या हातात नियम दिला की तो त्याला जिवापाड जपतो. आमच्या इमारतीच्या समितीवरही असेच एक गृहस्थ आहेत, पण तो विषय वेगळा.

मी पहिल्यांदा ह्या सगळ्याला पोरखेळ म्हणत होते. पण वरच्या स्वयंपाकघरात बसून बघता बघता मलाही चटक लागली. कारण त्या रांगेत सगळं जग येऊन उभं राहिलं होतं. एकजण आपल्या जागी टोपली ठेवून शेताला पाणी द्यायला जायचा. त्यावर जाऊबाईंचा निकाल असा की टोपली कंदील काढणार असेल तर टोपली उभी राहू दे, नसेल तर तुम्ही राहा. एक बाई उभ्या लोकांना उकडलेली कणसं विकायची आणि तिच्या गिऱ्हाइकांची रांगेच्या आत आणखी एक रांग लागायची. दोघांचं जमलं आणि दोघांचं फिसकटलं, आणि फिसकटलेले दोघे नेमके एकामागे एक उभे असल्यामुळे आजूबाजूच्या लोकांनी जागा बदलून दिल्या. एकजण कधीच कंदील न काढता विहिरीपाशी पोचला की पुन्हा मागे जायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "घरी कोणी नसतं हो."

लोखंड्याने रांगेत एक नियम आणला होता, तो मात्र भावोजींच्या मुळावर आला. बोट निसटलं तर कंदील मागच्याचा, आणि निसटलेल्याने शेवटी जायचं. रांग हलती राहावी म्हणून सगळ्यांनी तो मान्य केला होता, आणि तो तसा चुकीचाही नव्हता. पण भावोजींचं बोट निसटायचंच. अर्धी विहीर वर यायचा कंदील आणि मग पुन्हा तळाला. दाढीवाली बाहुली मान खाली घालून रांगेच्या शेवटी. पुन्हा तास दीड तास उभं राहणं, पुन्हा निसटणं. प्रत्येक वेळी जाऊबाई हातातलं काम टाकायच्या. मला म्हणायच्या, "अगं, जे मागितलं ते एवढंच मागितलं आहे त्यांनी."

आणि मग त्या चुकल्या. जन्मभर रांगेत कुणाचीही भीड न ठेवणाऱ्या बाईने नवऱ्याची ठेवली. पण आव असा आणला की जणू सार्वजनिक हिताचंच आहे. रुग्णालयात वयस्कर माणसांना पुढे सोडायचा नियम होता, तोच त्यांनी विहिरीवर आणला. "ज्येष्ठांना रांगेत पुढे सोडावे. बोट निसटल्यास त्यांना पुन्हा संधी द्यावी." रांग जाऊबाईंनी लावलेली, त्यांचा शब्द कोण मोडणार? लगेच चहूकडून लिहिणं सुरू झालं. "आजोबा, पुढे या." "दाढीवाले आजोबा, या की." बाहुल्या भराभर बाजूला झाल्या आणि मधे स्वच्छ वाट तयार झाली.

दाढीवाली बाहुली जागची हलली नाही. थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग दिसेनाशी झाली. बाहेरच्या खोलीत भावोजींनी टॅबलेट पालथा ठेवला आणि ते खिडकीबाहेर बघत बसले.

"दमले असतील," जाऊबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेले तर जाऊबाई फोनकडे बघत डोक्याला हात लावून बसल्या होत्या. मीही बघितलं आणि हसून हसून मला ठसका लागला. रात्रीतून अख्ख्या खोऱ्याला म्हातारपण आलं होतं. रांगेत जिकडे तिकडे पांढऱ्या दाढ्या. बदकटोपीखालीही दाढी. कणसंवालीला दाढी. लोखंड्याची तर गुडघ्यापर्यंत, वर हातात काठी, आणि चालताना तो मुद्दाम वाकत होता. कोण जास्त ज्येष्ठ ह्यावरून हमरीतुमरी चाललेली. एकजण म्हणे, माझी दाढी लांब आहे. दुसरा म्हणे, तुझी लांब असली तरी करडी आहे. तिसऱ्याने कडेवर बाळ घेतलं होतं आणि तो म्हणत होता की बाळवाल्यांना ज्येष्ठांच्याही आधी सोडतात. ज्याला त्याला पुढे जायचं होतं आणि पुढे म्हणून काही उरलंच नव्हतं. त्या गर्दीत खरी दाढी कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"काल संध्याकाळपर्यंत तरुण होती ही कार्टी," जाऊबाई दात ओठ खात म्हणाल्या. "चाळीस वर्षं... जाऊ दे. खिडकीवर निदान खोटं म्हातारं होता येत नव्हतं."

"आणि भावोजी कुठे आहेत?" मी विचारलं.

ते त्या गर्दीत नव्हते. बाहेर खुर्चीत बसले होते आणि टॅबलेट कालच्यासारखाच पालथा होता. जाऊबाई पदराला हात पुसत त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी दारातच राहिले. म्हटलं ना, नाक खुपसायला मला आवडतं.

"का नाही गेलात पुढे?" त्यांनी विचारलं. "तुमच्यासाठी केलं होतं मी."

भावोजी बोलायला लागले. त्यांच्या बोलण्यात मधे मधे थांबे असतात. जाऊबाई मधला शब्द भरून द्यायला गेल्या, तर त्यांनी डावा हात वर करून थांबवलं.

"बाहेर... सगळे पुढे सोडतात," ते म्हणाले. "बँकेत. दवाखान्यात. काका, या पुढे. मग... काम करून देतात. आणि... बोलत नाहीत. लवकर जावा... असं बघतात." एवढं बोलून त्यांना धाप लागली. ते थांबले, आणि पुन्हा म्हणाले, "रांगेत बोलतात. माझ्याशी."

जाऊबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"ती... बदकटोपी," भावोजी म्हणाले. "शाळेची गाडी चालवते. चढावर... वळण कसं घ्यायचं, विचारते. मी लिहितो. सावकाश. ती थांबते. तिथे... सगळेच सावकाश लिहितात. कुणाला कळत नाही." मग एकदम त्यांनी जाऊबाईंकडे बघितलं. "मला पुढे ढकलू नकोस गं."

जाऊबाई आत आल्या. मला वाटलं, रडतील. त्यांनी धुतलेली भांडी पुन्हा धुतली. मी चहा ठेवला तर तोही प्यायला नाही. त्यांना लागलं होतं, आणि लागायलाच हवं होतं असं मला वाटलं, पण वाईटही वाटलं. नवऱ्याला जपता जपता आपणच त्याला माणसांतून उठवत होतो, हे कळायला सोपं नसतं. आणि त्या एकट्या कुठे होत्या? जिन्यात भावोजी दिसले की मी स्वतः भिंतीला चिकटून म्हणायची, "तुम्ही जा आधी." आणि ते दिसेनासे होईपर्यंत दुसरीकडे बघायची.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी विहिरीवर जाऊन सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "परवाचा नियम रद्द. चूक माझी होती. दाढ्या काढा आणि नीट उभे राहा."

लोखंड्या म्हणाला, "माझी ठेवू का? मला आवडली आहे."

"ठेवा," जाऊबाईंनी लिहिलं. "पण वाकून चालू नका."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. इतके दिवस त्या रांगेच्या कडेने येरझाऱ्या घालत देखरेख करायच्या. आता ते काम त्यांनी लोखंड्याकडे सोपवलं आणि स्वतः रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. कंदील हवा म्हणून. मी विचारलं, "ताई, तुम्हाला कशाला कंदील?" तर म्हणाल्या, "इतक्या माणसांना हवा आहे, म्हणजे काहीतरी असेल त्यात."

पहिल्या दिवशी त्यांना ते अजिबात जमलं नाही. पाय आपटत होत्या, पुढचे लोक किती हळू आहेत म्हणून कुरकुरत होत्या. नोकरीत रांग फक्त आतून बघितलेली, आतून ती नेहमी सरकत असते. बाहेरून ती सरकत नाही, हे त्यांना आता कळत होतं. मी म्हटलं, "तुमचा नंबर आला की बोलू." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, पण हसल्या.

पुढच्या दिवसांत भावोजींचं बोट आणखी दोनदा निसटलं आणि ते आणखी दोनदा शेवटी गेले. घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. जाऊबाईंनी ओठ घट्ट मिटून धरायला शिकून घेतलं. आणि नवल म्हणजे भावोजी हिरमुसलेले दिसत नव्हते. मधेच खुर्चीतून हसू ऐकू यायचं. बदकटोपीने गाडीत पोरांनी केलेला काहीतरी गोंधळ लिहिलेला असायचा. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की बोटं सुधारत आहेत, तर भावोजी म्हणाले, "बाई... रहाट आहे ना."

मग एका दुपारी त्यांचा नंबर पुन्हा आला. मी आणि जाऊबाई स्वयंपाकघरात होतो. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. जाऊबाईंची बाहुली बरीच मागे होती, त्यामुळे विहीर आम्हाला नीट दिसत नव्हती, फक्त लोक लिहीत होते ते दिसत होतं. दारातून भावोजींची पाठ आणि डावा खांदा दिसत होता. खांदा हळूहळू गोल फिरत होता.

"जाऊ का मी तिकडे?" जाऊबाई कुजबुजल्या.

"अजिबात नाही," मी म्हटलं.

खांदा थांबला. फोनवर कुणीतरी लिहिलं, "निसटला."

जाऊबाईंनी डोळे मिटले. नियमाप्रमाणे कंदील आता मागच्याचा. मागे हिरवी शाल पांघरलेली एक बाहुली होती. ती रोज यायची, कधी कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. आम्ही तिला मुकी समजायचो. ती पुढे सरकेल म्हणून सगळे बघत होते. ती सरकली नाही.

"मागचे, पुढे या," लोखंड्याने लिहिलं. "नियम आहे."

हिरव्या शालीने लिहिलं, "मला घाई नाही."

बस्स, एवढंच. भावोजींचा खांदा पुन्हा फिरायला लागला. रांगेच्या मागून विचारणा सुरू झाली, "काय झालं? रांग का थांबली?" पुढून कुणीतरी उत्तर दिलं, "एकजण कंदील काढतोय." मागून, "इतका वेळ?" पुढून, "हो, इतका वेळ." बदकटोपीने लिहिलं, "मी पण थांबले आहे. पोरं सुटायला अवकाश आहे." कणसंवालीने कणसं वाटायला काढली. कुणी आजोबा म्हटलं नाही, कुणी बिचारा म्हटलं नाही. मग लोखंड्याने लिहिलं, "नियम असा की मागच्याची हरकत नसेल तर चालतं." असा काही नियम नव्हता, त्याने तो तिथल्या तिथे केला होता. मला त्या धटिंगणाची पापी घ्यावीशी वाटली.

कंदील आणखी एकदा निसटला. हिरवी शाल उभीच. शंभरएक माणसं, कुणी कुणाला ओळखत नाही, जागच्या जागी उभी. जाऊबाईंच्या हातातला बटाटा अर्धा सोललेला तसाच होता.

मग बाहेरून काहीच आवाज आला नाही. फोनवर मात्र एकामागून एक ओळी यायला लागल्या. "निघाला." "काढला त्याने." "चला, पुढे सरका." आणि हिरवी शाल रहाटाकडे गेली.

जाऊबाई उठल्या नाहीत. उठायचं नाही हे त्यांनी ठरवलं होतं, आणि ते त्यांना किती जड गेलं हे त्यांच्या मानेच्या शिरांवरून मला दिसत होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भावोजी भिंतीला धरत, एकेक पाऊल टाकत, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा घामेजलेला. काखेत टॅबलेट.

"मिळाला," ते म्हणाले.

"दिसलं मला," जाऊबाई म्हणाल्या. नाक ओढलं आणि म्हणाल्या, "जा मग. न्या होडी."

भावोजी गेले नाहीत. त्यांनी पिठाच्या डब्याला टेकवलेल्या फोनकडे बघितलं. दोन वर्षं ह्या घरात आम्ही सगळे त्यांच्यासाठी थांबत होतो. जिन्यात, जेवणाच्या टेबलावर, प्रत्येक वाक्याच्या मधे.

"तू... कितवी आहेस?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ मागे. वेळ लागेल मला."

भावोजींनी दाराशी असलेलं स्टूल पायाने ओढलं आणि ते जाऊबाईंसमोर बसले.

"सावकाश ये," ते म्हणाले. "मी थांबतो."

जाऊबाईंनी मान हलवली. मग त्यांनी फोन उचलला, चष्मा नीट केला आणि त्या समोर बघत बसल्या. त्यांच्या पुढे अजून बरीच माणसं होती.